गुंजेचा एकोणिसावा भाग

"काय करतोयस रे?" आईने फोनवर विचारलं. इथली रविवारची सकाळ, तिकडे संध्याकाळ उलटून गेलेली.

"शेजारी आलोय. दारू भरतोय."

पलीकडे शांतता. मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा खडखडाट. आता बोलणी बसणार म्हणून मी कान लांब धरला, तर बाबा म्हणाले, "सिंगल बेस की डबल बेस?"

हे बंदुकीच्या दारूचे दोन प्रकार. असा प्रश्न विचारणारा बाप सगळ्यांना मिळत नाही. बाबांची सगळी नोकरी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली. भुसावळजवळची ही फॅक्टरी १९६४ सालची, रायफलीची काडतुसं बनवणारी. खडकीची दारूगोळा फॅक्टरी तिच्यापेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी थोरली, १८६९ची. त्यामुळे खडकीहून बदलून आलेली मंडळी वरणगावात जरा जावयासारखी वागायची, असं बाबा अजून सांगतात. बाबा इन्स्पेक्शनला होते. "तुझे वडील काय करतात?" असं शाळेत कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "गोळ्या बघतात."

मी ओहायोत मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे मीही बघतोच, फक्त गोळ्या नाही. गोळ्या बघायची वेळ आली ती शेजाऱ्यांमुळे. निवृत्त टूल अँड डाय मेकर, वय पंचाहत्तरच्या पुढे, बायको गेलेली, गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं. आम्ही घरात त्यांना 'अण्णा' म्हणतो. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही. गॅरेजच्या मागच्या भिंतीला लाकडी बेंच, त्यावर ओतीव लोखंडाचा एक हिरवा प्रेस, आणि बेंचच्या मधोमध लाकडाच्या ठोकळ्यात उभ्या केलेल्या पितळेच्या ५० पुंगळ्या. पाच रांगा, रांगेत दहा.

पहिली सहा वर्षं मी त्या बेंचपाशी नुसता उभा राहिलो, हात मागे बांधून. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथे, थोडे अपवाद सोडले तर, बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही. अमेरिकेत कोणीही उठून बंदूक घेतो असं समजणाऱ्यांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. काडतूस क्षणभर हातात घेणं म्हणजे 'बाळगणं' होतं का, हा वाद वकिलांनी घालावा. ग्रीनकार्डाच्या रांगेत उभं राहून मी विषाची परीक्षा घेणार नव्हतो. कार्ड आलं त्या शनिवारी अण्णांनी एक पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली. काही बोलले नाहीत.

पुंगळी हा शब्द आपल्याला पोलिसांच्या बातम्यांतून माहीत. 'घटनास्थळी तीन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या.' त्या बातमीत पुंगळी म्हणजे गोष्टीचा शेवट असतो. अण्णांच्या बेंचवर तिथूनच सुरुवात होते. काडतुसात चार वस्तू: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू, तोंडात गोळी. टोपी, दारू आणि गोळी एकदाच कामाला येतात, पुंगळी मात्र पुन्हापुन्हा. बार उडतो तेव्हा ती फुगते, नळीच्या मागच्या घराला आतून घट्ट चिकटते, दाब उतरला की किंचित आकसते आणि त्या बंदुकीचं माप अंगावर घेऊनच बाहेर पडते.

सगळी गंमत या मापात आहे. बाबांच्या काडतुसाला सियाचिनपासून जैसलमेरपर्यंत कुठल्याही जवानाच्या कुठल्याही रायफलीत बसायचं होतं आणि हमखास उडायचं होतं. म्हणून ते थोडं सैल ठेवावं लागतं. अण्णांच्या काडतुसाला एकाच रायफलीत बसायचंय, त्यांच्या .३०८ विंचेस्टरमध्ये. बाबांना लाखो काडतुसं 'पुरेशी सारखी' हवी होती, अण्णांना ५० हवीत, पण एकाच आईची लेकरं वाटावीत अशी. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "५० काय, ५० तर कोणीही करेल." मग थोड्या वेळाने, "किती वेळ लागतो त्यांना ५० ला?" दोन दिवस, म्हटल्यावर बराच वेळ हसत होते.

दोन दिवस खरंच लागतात. फुगलेली पुंगळी पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायची, पण फार नाही. तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, इंचाचा एक-दोन हजारांश मागे सरकला की बास. त्याआधी तिला बोटाने वंगण लावायचं. अण्णांचं वंगण लॅनोलिनचं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. जास्त लागलं तर खांद्याला खळी पडते. कमी लागलं तर काय होतं, ते मला पहिल्याच महिन्यात कळलं. मी गणपतीच्या वर्गणीची काहीतरी कथा रंगवून सांगत होतो आणि एका पुंगळीला वंगण लावायचं राहिलं. हँडल खाली ओढताना जड गेलं. तिथेच थांबायला हवं होतं, पण हात पुढे गेला होता. वर घेताना 'टक्' असा बारीक आवाज झाला, पुंगळीच्या बुडाची कड फाटून खाली राहिली आणि पुंगळी आत डायमध्ये रुतून बसली.

अण्णांनी कथा पूर्ण ऐकून घेतली. मग खणातून ड्रिल काढला, पुंगळीच्या बुडाला भोक पाडलं, आटे पाडले, बोल्ट घातला, वर वॉशर आणि नट चढवून पान्याने हळूहळू आवळत तिला बाहेर ओढून काढलं. पंधरा मिनिटं. ती फाटकी पुंगळी त्यांनी बेंचवरच्या खिळ्याला अडकवली. त्या खिळ्यावर आधीच दोन होत्या. त्या कोणाच्या, ते मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, "१९८२ आणि १९९७."

पितळ मोठं मानी असतं. चार-सहा वेळा फुगवून दाबलं की मानेपाशी कडक होतं आणि मग तडकतं. पुण्यात तांबट आळीतून कधी गेला असाल तर हातोडीचा तो ठेका कानात असेल. मठारताना तांबं कडक होत जातं आणि तांबट ते मधूनच भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करून घेतात. अण्णाही तेच करतात, फक्त ज्योतीवर पुंगळीची मान काही सेकंदच धरतात. बूड कडकच राहायला हवं, कारण दाब तेच सोसतं. मान मऊ, बूड कडक. तांबट आळीचं मी सांगितल्यावर अण्णांनी विचारलं, ते लोक तापमान कशाने मोजतात? डोळ्यांनी, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि गॅरेजचा दिवा बंद केला. अंधारात रंग नीट दिसतो म्हणून.

मग दारू. इथे मात्र गप्पा बंद, रेडिओ बंद, फोन बाहेर. बेंचवर दारूचा एकच डबा, दुसरा कपाटात कुलपात. डबे बदलले तर बंदूक हातात फुटू शकते, इतकं ते सरळ आहे. किती दारू घालायची, तो आकडा इथे मी लिहिणार नाही. तो छापील मॅन्युअलमधून घ्यायचा असतो, कमी टोकाकडून सुरुवात करायची असते, आणि कुणाच्या ललित लेखातून तर मुळीच घ्यायचा नसतो. दिसायला ही दारू म्हणजे पेन्सिलीच्या शिशाचे खसखशीएवढे तुकडे. तराजूच्या पारड्यात आधी चमच्याने ओतायची, मग बारीक नळी बोटांनी फिरवत एकेक तुकडा पाडायचा. टप्. टप्. काटा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचा.

हा तराजू मोजतो ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, एका पौंडाला ७,०००. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा इंग्रजी आडमुठेपणा वाटला होता. पण एकदा अण्णांच्या हरणाच्या शिकारीसाठी आणलेल्या गोळ्या मी उगाच वजन करून बघत होतो. डब्यावर लिहिलेलं १८० ग्रेन, काट्यावरही १८०. हा आकडा कुठेतरी ऐकलाय असं वाटत राहिलं आणि रात्री झोपताना आठवलं. तोळा! कंपनी सरकारने १८३३ साली तोळा बांधला तो बरोबर १८० ग्रेनला. आईच्या पाटल्या ज्या तोळ्यात मोजल्या, तोच तोळा ओहायोच्या गॅरेजात शिशाचा होऊन पडला होता, वरून तांब्याचं कवच. ९६ गुंजांचा तोळा, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनपेक्षा किंचित जास्त. अण्णा दारू मोजतात ती ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे गुंजेच्या सुमारे एकोणिसाव्या भागापर्यंत. दुसऱ्या दिवशी हे सगळं त्यांना सांगितलं, फोनवर गुंजेच्या लाल-काळ्या बियांचं चित्र दाखवलं. सोनार तोलताना पंखा बंद करतो हेही सांगितलं. अण्णांना सोन्यात रस नव्हता. पंखा बंद करतो, हे मात्र त्यांना पटलं.

सगळ्या ५० पुंगळ्या भरल्या की गोळ्या बसवण्याआधी अण्णा ठोकळा तिरपा न करता बॅटरीच्या उजेडात एकेका पुंगळीत डोकावतात. एखादी रिकामी राहिली का, एखादीत दुप्पट पडली का. बाबांना मी हा भाग सांगितला तेव्हा ते प्रथमच हसले नाहीत. "हं," म्हणाले, "हे बरोबर."

आतापर्यंत वाचून वाटेल की ही सगळी शहाणपणाची कामं आहेत. अर्धी आहेत. उरलेली अर्धी म्हणजे देवाला बेल वाहताना पान पालथं की उताणं, यातला प्रकार. पुंगळ्या वजनाने निवडायच्या, टोपीचा खळगा कोरून सगळीकडे एकसारखा करायचा, गोळ्यांची टोकं तासून एका उंचीला आणायची. अण्णांचे एक मित्र टोकांच्या मागे इतके लागलेत की ते भिंगातून बघतात. मॅसॅच्युसेट्समध्ये डॉक्टर फ्रँकलिन मान नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. या माणसाने आयुष्यभर गोळी आडवी का जाते याचाच शोध घेतला आणि १९०९ साली सगळे प्रयोग छापून काढले. त्यांनी मुद्दाम गोळ्या विद्रूप केल्या, काहींची टोकं बिघडवली, काहींची बुडं. टोक बिघडलेल्या गोळ्या बऱ्यापैकी सरळ गेल्या. बूड बिघडलेल्या भरकटल्या. नळीच्या तोंडातून सुटताना मागचा वायू बुडावरच रेटतो, बूड तिरकं असेल तर तो गोळीला एका बाजूने ढकलतो. टोक डोळ्यांत भरतं म्हणून माणूस टोक घासत बसतो. शंभरहून जास्त वर्षं झाली, घासणारे अजून घासतायत.

माझ्यातला क्वालिटीवाला इथे गप्प बसेना. अण्णांच्या पाकिटात एक कागद आहे, घडी पडून मऊ झालेला. १०० यार्डांवर मारलेल्या पाच गोळ्यांची एकच पाकळीदार चिंधी, करंगळीच्या नखात मावेल एवढी. भेटेल त्याला दाखवतात. मी त्यांना विचारलं, असे किती कागद मारलेत आजवर? शेकडो. मग बाकीचे कुठे आहेत? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जेवणावळीत पंगतीतल्या माणसाला त्याचा पगार विचारला होता.

पाच गोळ्यांचा गट म्हणजे फार बोलघेवडा साक्षीदार. तीच बंदूक, तीच काडतुसं, तोच माणूस, तरी एक गट अर्ध्या इंचाचा पडतो, दुसरा इंचभराचा. त्यातला अर्ध्या इंचाचा बघून आपण ठरवतो की कालचा बदल लागू पडला. कारखान्यात कोणी पाच नग मोजून प्रोसेस सुधारली म्हणून आला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवतो. म्हणून मी अण्णांना पैज लावली. वजनाने निवडलेल्या पुंगळ्यांची ३० काडतुसं, न निवडलेल्यांची ३०. डब्यांवर नुसती खूण, कुठली कुणाची ते फक्त मला ठाऊक. सगळ्या ६० छिद्रांचं मध्यापासूनचं अंतर मी मोजलं, वहीत मांडलं. १०० यार्डांवर फरक? नावालाही नाही. उलट न निवडलेली केसभर बरी, आणि तो केसही नशिबाचा.

अण्णांनी वही दोनदा वाचली. त्यांनी आकडे तपासले, एक बेरीज चुकली होती ती दुरुस्त केली, त्याने निकाल बदलला नाही. मग म्हणाले, "ठीक आहे." पुढच्या शनिवारी गेलो तर पुंगळ्या वजनाने निवडत बसले होते. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "१०० यार्डांवर फरक नाही हे तू दाखवलंस. मी १,००० वर मारतो."

मुद्दा बिनतोड होता, तेवढं मान्य करायला हवं. लांब गेल्यावर हिशेब बदलतो. गोळीचा वेग सेकंदाला ३० फुटांनी इकडचा तिकडे झाला तर १०० यार्डांवर कागदाला पत्ताही लागत नाही, पण १,००० यार्डांवर गोळी वीतभर तरी खाली-वर लागते. तिथल्या चांदमारीत दहा गुणांचं वर्तुळ २० इंचांचं, त्याच्या पोटातलं एक्सचं १० इंचांचं. त्या १० इंचांत राहायचं तर गुंजेच्या एकोणिसाव्या भागाला अर्थ येतो. दारू सारखी, पुंगळीचं पोट सारखं, मानेची पकड सारखी, म्हणजे वेग सारखा. मला हे गणित कागदावर पटलं होतं. जागेवर काय होतं ते मात्र गेल्या उन्हाळ्यात बघितलं.

आमच्यापासून तासाभरावर पोर्ट क्लिंटनजवळ कॅम्प पेरी आहे, एरी तलावाच्या काठाला लागून. १९०७ पासून अमेरिकेची राष्ट्रीय नेमबाजी तिथे भरते. निशाणं तलावाच्या बाजूला, त्यामुळे मधेच एखादी होडी भलतीकडे शिरली की गोळीबार थांबवून सगळे वाट बघत बसतात. अण्णा चटईवर पालथे पडलेले, मी मागे दुर्बिणीला डोळा लावून. त्यांची काडतुसं सावलीत, ओल्या फडक्याखाली. हा सल्ला बाबांचा. दारू तापली की वेग वाढतो, आणि भुसावळचा मे महिना काढलेल्या माणसाला उन्हाचं काही शिकवायला लागत नाही.

पहिल्या सात गोळ्या दहाच्या आत, त्यातल्या चार एक्स. खाली-वर फरक जवळजवळ नाहीच. दोन दिवसांची सगळी मेहनत त्या आडव्या ओळीत दिसत होती. आठव्या वेळी तलावावरून येणारं वारं जरा पडलं. निशाण्यांजवळची गवताची पाती सरळ झाली, मी बघितलं आणि बोलायला अर्धा क्षण उशीर केला. गोळी उजवीकडे, आठच्या वर्तुळात. ताशी १० मैलांचा आडवा वारा एवढ्या अंतरावर .३०८ च्या गोळीला आठएक फूट ढकलतो. म्हणजे वाऱ्याचा अंदाज एका मैलाने चुकला तर वीतभर. वेगाच्या ३० फुटांनी चुकणारी वीत आणि ही वीत, मापाने एकच. फक्त पहिली वीत गॅरेजमध्ये दोन दिवस घालून टाळता येते आणि दुसरीसाठी तलावाच्या काठी दहा वर्षं पडून राहावं लागतं. अण्णा वळले नाहीत. "गवत?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

गाडीतून परतताना मी म्हणालो, मग इतकं तोलून-मापून भरायचं कशाला, शेवटी वारा ठरवतो ना? ते बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. "काडतूस सारखं असलं की चूक कुणाची ते कळतं," म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, "आज तुझी होती."

या ऑक्टोबरात आई-बाबा आले. बाबांना नायगारा बघायचा नव्हता, गॅरेज बघायचं होतं. मी वाटेतच बजावलं, तुम्ही पाहुण्यांच्या व्हिसावर आहात, कशाला म्हणजे कशालाही हात लावायचा नाही. "मला कळतं," बाबा म्हणाले, आणि दारातून आत शिरतानाच त्यांनी हात मागे बांधले. तसेच बांधून ते बेंचपाशी उभे राहिले. अण्णांनी नुकतीच भरून संपवलेली ५० काडतुसं ठोकळ्यात उभी होती. अण्णांना मराठी येत नाही, बाबांचं इंग्रजी फॅक्टरीतल्या फॉर्मांपुरतं, पण दोघांना माझी फार गरज पडली नाही. प्रेस, डाय, गेज, रनआउट हे शब्द दोन्हीकडे तेच. खिळ्यावरच्या तीन फाटक्या पुंगळ्या बाबांनी न विचारता ओळखल्या. "वंगण," म्हणाले. अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मग बाबा गुडघ्यांत वाकले, डोळे ठोकळ्याच्या पातळीला आणले आणि एकेका रांगेवरून नजर फिरवली. फार वेळ नाही, रांगेला दोन-तीन सेकंद. चौथ्या रांगेवर थांबले. हनुवटी पुढे केली. "डावीकडून तिसरं. ते काढायला सांग."

अण्णांनी ते उचललं. व्हर्नियरला लावलं, लांबी बरोबर. दोन आधारांवर ठेवून डायलखाली फिरवलं, काटा जेमतेम हलला, बाकीच्यांइतकाच. टोपीवरून अंगठा फिरवला, बरोबर. वजन केलं. मी बाबांना सांगितलं, काही नाही त्यात.

"नसेल," बाबा म्हणाले. "मी पुढे जाऊ दिलं नसतं."

हे भाषांतर करावं की नाही असा विचार करत होतो, तोवर अण्णांनी खणातून काडतूस खोलायची प्लास्टिकची हातोडी काढली होती. बाबांचं ते काडतूस तिच्यात बसवलं आणि फरशीवर तीनदा आपटलं. गोळी सुटून आली. दारू त्यांनी डब्यात परत ओतली, पुंगळी बाजूच्या वाटीत टाकली, आणि चौथ्या रांगेतली ती जागा रिकामी ठेवून ४९ काडतुसांचा ठोकळा झाकणाखाली सरकवला.